सावली कसली आहे ते आधी बघा: नाशिकच्या परसासाठी बहुवर्षायू झाडं

मृगाचा पाऊस होऊन जमिनीत वाफसा आला की नर्सरीत गर्दी सुरू होते. घराच्या मागची, विहिरीजवळची, आंब्याखालची रिकामी जागा डोळ्यांत खुपत असते, म्हणून "सावलीत येणारं काहीतरी द्या" असं म्हणून पाच-सहा पिशव्या गाडीत टाकल्या जातात. जुलै-ऑगस्टात सगळंच हिरवं दिसतं. त्यातलं काय जगणार हे कळतं पुढच्या एप्रिल-मेमध्ये. आपल्याकडे सावलीतलं झाड नुसत्या सावलीमुळे क्वचितच मरतं. मुळं कोरडी पडतात, पावसाळ्यात पाणी साचून कंद कुजतात किंवा मेच्या दुपारी थेट ऊन येऊन पानं भाजतात. म्हणून रोप विकत घेण्याआधी त्या जागेत उभं राहून एवढंच बघा की ही सावली भिंतीची आहे की झाडाची, आणि खालची माती ओली राहते की कोरडी.

भिंतीची सावली वर्षभर एका जागी राहत नाही. नाशिक साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला कललेला असतो, तेव्हा १० फुटी भिंतीची सावली भर दुपारीही उत्तरेला साडेनऊ फुटांपर्यंत पडते. तीच भिंत मेच्या तिसऱ्या आठवड्यात दुपारी जवळजवळ सावली टाकतच नाही, कारण सूर्य थेट डोक्यावर असतो. तिथून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत तो दुपारी किंचित उत्तरेलाच राहतो. म्हणजे आपण ज्याला घरामागची कायमची सावली समजतो, तिथे वर्षातल्या सगळ्यात कडक दिवसांत ऊन येतं. हिवाळ्यात जागा बघून डिफेनबेकिया आणि पीस लिली लावली की मेमध्ये पानांवर तपकिरी चट्टे पडतात, ते यामुळेच. आत्ता जूनमध्ये एखाद्या उघडिपीच्या दिवशी दर दोन तासांनी ऊन कुठवर येतं त्या रेषेवर चुन्याची खूण करा. भिंतीच्या उत्तरेकडे हे जवळजवळ सगळ्यात जास्त उन्हाचं चित्र असतं. त्यात जी जागा दुपारीही सावलीत राहिली, तीच तुमची खरी सावली.

रो-हाऊसच्या साइड मार्जिनमध्ये, म्हणजे दोन भिंतींमधल्या चार-पाच फुटी बोळात, ही खरी सावली मिळते. तिथे बांधकामाचा राडारोडा मातीत पुरलेला असतो. सिमेंट आणि चुन्यामुळे माती आणखी विम्ल (अल्कली) होते, आणि आपली काळी जमीन मुळातच चुनखडीयुक्त, सामू (pH) साधारण साडेसात ते साडेआठ. अशा मातीत अनंत, हायड्रेंजिया, ॲझेलिया यांची पानं शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात. त्यांना लोह मिळत नाही. दरवर्षी फेरस सल्फेट घालत बसण्यापेक्षा ही झाडं जमिनीत लावूच नयेत, हवीच असतील तर कुंडीत ठेवावीत. बोळासाठी मी आधी नाव घेईन ते राफिस पामचं. सावकाश वाढतो, फारसा पसरत नाही, भिंतीला त्रास देत नाही. त्याच्या पायथ्याशी मोंडो ग्रास किंवा लिरिओपी सहा-आठ इंचांवर लावली तर दोन पावसाळ्यांत जमीन झाकून टाकते आणि तण कमी होतं. स्नेक प्लांट, स्पायडर प्लांट, ॲस्पिडिस्ट्रा हेही तिथे चालतात. ॲस्पिडिस्ट्रा महाग पडतो आणि वाढतो फार हळू, पण एकदा बसला की त्याच्याकडे फारसं बघावं लागत नाही.

इंटरनेटवर सावलीची बाग शोधली की होस्टा, हेलेबोर, ॲस्टिल्बी अशी सुंदर चित्रं दिसतात, आणि त्यांचे कंद ऑनलाइन विकायलाही असतात. ही थंड देशांतली झाडं आहेत. त्यांना हिवाळ्यात कित्येक आठवडे कडाक्याची थंडी लागते. आपली थंडी त्यांना पुरत नाही आणि उन्हाळा त्यांना सोसत नाही. ते पैसे वाचवा.

आंब्याखालची जागा

झाडाखालची सावली ही सगळ्यात अवघड जागा, आणि मळ्यातल्या बहुतेक घरांना हीच जागा सजवायची असते. वरून पाऊस पानांवर अडतो, खाली अन्न घेणारी बारीक मुळं वरच्या फूट-दीड फुटात पसरलेली असतात. भर पावसाळ्यातही बुंध्याजवळची माती उकरली तर कोरडी निघते. त्यात कोणतं झाड वर आहे यावर बरंच अवलंबून आहे. आंबा आणि जांभूळ वर्षभर दाट राहतात. बहावा ऐन उन्हाळ्यात पानं झाडतो, कडुलिंबही फेब्रुवारी-मार्चमध्ये विरळ होतो. बहाव्याखाली सावलीचं झाड लावलं तर नेमकं एप्रिलमध्ये त्याच्या डोक्यावरचं छप्पर निघून जातं, हे लक्षात ठेवा.

फळ देणाऱ्या आंब्याखाली आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. पावसाळा संपल्यावर मोहोर फुटेपर्यंत आंब्याला पाण्याचा ताण लागतो. खालच्या शोभेच्या झाडांसाठी नोव्हेंबर-डिसेंबरात रोज पाणी देत राहिलात, तर आंबा मोहोराऐवजी नवी पालवी काढतो. मग झाड वांझ निघालं म्हणून त्याच्यावर कुऱ्हाड चालवायची वेळ येते, दोष मात्र आपल्या नळीचा असतो. म्हणून आंब्याखाली असंच काही लावावं जे पावसाळ्यात वाढतं आणि थंडीत आपोआप झोपी जातं. हळद, आंबेहळद आणि सुरण यांचं वेळापत्रक या जागेला जितकं जुळतं तितकं दुसऱ्या कशाचं जुळत नाही. जूनमध्ये कोंब वर येतात, पावसाच्या पाण्यावर पानं वाढतात, डिसेंबर-जानेवारीत पिवळी पडून वाळतात, कंद जमिनीत राहतो. बाजाराचं पीक म्हणून बघाल तर सावलीत आणि विना-पाण्यात उतारा कमीच मिळेल. पण घरापुरती ओली हळद मिळते आणि दरवर्षी बी विकत आणावं लागत नाही. सेलम जातीच्या हळदीचे जाड, निरोगी, दोन-तीन डोळे असलेले तुकडे एक-एक फुटावर लावा.

हौसेसाठी भुईचाफा लावा. उन्हाळ्यात पानं यायच्या आधीच जमिनीलगत जांभळट-पांढरी सुवासिक फुलं येतात, पानं पावसाळ्यात येतात. त्र्यंबक-इगतपुरीच्या डोंगरात पावसाळ्यात जी रानहळद फुललेली दिसते, तीही याच कुळातली आणि झाडाखालीच वाढणारी. मात्र ती डोंगरातून उपटून आणू नका. तिथे ती आधीच चराई आणि रस्ते यांच्यात आकसत चालली आहे. कुणी कंदापासून वाढवलेली रोपं देत असेल तरच घ्या.

शतावरी झाडाखाली उत्तम. काटे असतात, पण मांसल मुळांत पाणी साठवून उन्हाळा काढते आणि पहिल्या पावसाला पुन्हा फुटते. कुंपणाच्या कडेला अडुळसा लावा. अर्धी सावली, मुरमाड जमीन, कमी पाणी, सगळं सोसतो, आणि शेळ्या त्याला तोंड लावत नाहीत. मळ्यात हा गुण सगळ्यात मोलाचा. तीन-चार फुटांवर छाट कलमं लावली तरी पावसाळ्यात धरतात. कोरांटीही अशीच चिवट, तिला थोडं तिरपं ऊन मिळालं तर थंडीत फुलं भरपूर येतात.

लावताना आंब्याभोवती आळं खणून जाड मुळं तोडू नका, आणि बुंध्यावर मातीचा ढीग तर अजिबात चढवू नका. साल ओली राहून कुजते. बुंध्यापासून तीन-चार फूट सोडून मुळांच्या मधल्या जागांत खुरप्याने लहान खड्डे करा. मोठ्या पिशवीतलं रोप इथे घेऊ नये, लहान रोप किंवा कंद लवकर जम बसवतो.

न्हाणीच्या पाण्याची जागा

ओलसर सावली मिळाली तर तुम्ही भाग्यवान. मोरीचं किंवा हौदाचं पाणी जिथे मुरतं तिथे अळू लावायची आपल्या आज्यांची रीत होती, आणि त्याला अजूनही तोड नाही. वडीचा आणि भाजीचा अळू वेगवेगळा लावा, खूण करून ठेवा. कपड्यांच्या साबणाचं, विशेषतः ब्लीचचं पाणी तिथे सोडू नका. त्याला वेगळी वाट काढून कर्दळीकडे न्या, तीही सोसेल इतकंच. अळूशेजारी वेखंड आणि थोडं ऊन येत असेल तर सोनटक्का. सोनटक्क्याची फुलं पावसाळ्याच्या शेवटाला येतात आणि संध्याकाळी सगळं अंगण भरून टाकतात. हे झाड मला फार आवडतं, पण ज्यांच्याकडे उन्हाळ्यात टँकर येतो त्यांना ते लावा असं मी सांगणार नाही. ब्राह्मी जमिनीवर पसरते, तिलाही ओल कायम हवी.

फुलांसाठी अर्ध्या सावलीत अबोलीसारखं दुसरं झाड नाही. सकाळचं दोन-तीन तास ऊन आणि दुपारची सावली मिळाली तर ती जवळजवळ वर्षभर फुलते. तिच्या मुळांना सूत्रकृमी लागतात, म्हणून खड्ड्यात मूठभर निंबोळी पेंड मिसळाच. दोन झाडांत दीड फूट अंतर ठेवा.

थंडी कुठे किती

नाशिक शहरात भिंतींच्या आड ॲग्लोनिमा, सिंगोनियम, मनीप्लांट हिवाळा काढतात. निफाड, पिंपळगाव, दिंडोरीच्या उघड्या मळ्यात तसं होत नाही. निफाडचा पारा काही वर्षी पाच अंशांच्याही खाली जातो, आणि द्राक्षबागायतदार पहाटे शेकोट्या करतात, ठिबक चालू ठेवतात ते उगाच नाही. ॲग्लोनिमा आणि डिफेनबेकिया दहा-बारा अंशांखालीच कुरकुरू लागतात, पानं पाणी भरल्यासारखी होऊन गळतात. विड्याचा वेलही अशा थंडीत हिरमुसतो. त्या पट्ट्यात राफिस, मोंडो ग्रास, अडुळसा, शतावरी, क्रिनम लिली यांच्यावर भर द्यावा आणि नाजूक पानांची झाडं ओट्यावर कुंडीतच ठेवावीत. स्नेक प्लांट थोडीफार थंडी सोसतो, पण थंडीत मुळाशी ओल राहिली की कुजतो. डिसेंबर-जानेवारीत त्याला महिन्यातून एकदा पाणी पुरे.

द्राक्षबागेला लागून घर असेल तर दोन गोष्टी. बागेवरच्या फवारणीचा तुषार जिथवर येतो तिथे अळू, विड्याची पानं, पानओवा असं खायचं काही लावू नका. हेच आंब्यालाही लागू, तुडतुड्यांसाठी फवारा मारत असाल तर खाली अळू नको. दुसरं म्हणजे जास्वंद बागेच्या कडेला नको. द्राक्षावर येणारा पिठ्या ढेकूण जास्वंदीवर आनंदाने राहतो, आणि बागेत काही नसतं तेव्हा तिथेच तग धरतो.

लावायची वेळ

निफाड, सिन्नर, येवल्याकडे पाऊस कमी आणि बेभरवशाचा. तिथे दोन चांगले पाऊस होऊन जमीन फूटभर भिजली की आर्द्रा-पुनर्वसूत लागवड उरका, म्हणजे सप्टेंबरपर्यंत मुळं खोल जातील. इगतपुरी, त्र्यंबक, पेठ, सुरगाण्याकडे घाई करू नका. तिथे जुलैच्या झडीत ताजे लावलेले कंद सडतात. एक तर जूनच्या सुरुवातीलाच उंच गादीवाफ्यावर लावा, नाहीतर पावसाचा जोर ओसरल्यावर ऑगस्टअखेर लावा. काळ्या जमिनीत सगळीकडेच सहा ते नऊ इंच उंच वाफा करावा. त्यात चांगलं कुजलेलं शेणखत आणि थोडं ट्रायकोडर्मा (मुळांची कुज रोखणारी उपयोगी बुरशी) मिसळावं. थोडीशी वाळू मिसळून काळी माती सुधारत नाही, उलट घट्ट बसते. उंची आणि सेंद्रिय खत यांनीच निचरा होतो.

नर्सरीतून आणलेलं रोप हरितगृहातून आलेलं असतं, तेव्हा आठ-दहा दिवस ओट्यावर ठेवून मग लावा. घेताना पिशवी थोडी बाजूला करून मुळं बघा. पांढरी, ताठ मुळं हवीत. तपकिरी, बुळबुळीत असतील तर पानं कितीही चकचकीत असोत, परत ठेवा. शेजाऱ्याच्या परसात दहा वर्षं टिकलेल्या झाडाचा गड्डा किंवा फुटवा मिळाला तर तो नर्सरीच्या रोपापेक्षा केव्हाही चांगला, कारण इथला उन्हाळा सोसल्याचं ते झाड आपल्यासमोर उभं असतं.

पावसाळ्यात सावलीच्या बागेचा मोठा शत्रू म्हणजे गोगलगायी, विशेषतः मोठी आफ्रिकन गोगलगाय. एका रात्रीत कोवळे कोंब फस्त करते. संध्याकाळी वाफ्याच्या कडेला ओलं गोणपाट पसरून ठेवा, सकाळी त्याखाली गोळा झालेल्या गोगलगायी हातमोजे घालून वेचा आणि मिठाच्या किंवा साबणाच्या पाण्यात टाका. औषधाच्या गोळ्या वापरायच्याच असतील तर कुत्री, कोंबड्या आणि मुलं जाणार नाहीत अशाच जागी. दाराजवळ तीन फुटांचा पट्टा मोकळा ठेवा. दाट, ओलसर झुडपात बेडूक येतात आणि बेडकांमागे साप येतात.

पाऊस थांबल्यावर पालापाचोळा जाळू नका, तोच दोन-तीन इंच जाड पसरा, खोडापासून मात्र चार बोटं दूर. पहिले दोन उन्हाळे झाडाखालच्या नव्या रोपांना तीन-चार दिवसांआड खोलवर पाणी लागेल. वरवर रोज शिंपडलं तर ते पाणी आंब्याची वरची मुळंच पिऊन टाकतात. तिसऱ्या वर्षापासून अडुळसा, शतावरी, कोरांटी यांचं पाणी हळूहळू कमी करत न्या.