प्लॉट घेतला? मग रोपं आणायच्या आधी हे करा

पुण्याच्या पश्चिमेला, मुळशीकडं वगैरे १० गुंठे घेतले की माणूस पहिलं काय करतो तर नर्सरीतून टेम्पोभर रोपं आणतो. मीपण तेच केलेलं, वर कोपऱ्यातली सपाट जागा बघून मे महिन्यात बसायला फरशीपण घातली. जुलैत कळलं की ती जागा सपाट का होती, तर वरच्या डोंगराचं पाणी दरवर्षी तिथंच येऊन थांबायचं आणि गाळ टाकून जायचं. फरशी उचकटली. लँडस्केपवाले ज्याला साइट अ‍ॅनालिसिस म्हणतात, म्हणजे जागेचा उतार, पाणी, माती, ऊन-वारा तपासणं, ते आधी केलं असतं तर वाचलो असतो.

आधी मोजणीचा नकाशा घ्या. १ सेंटीमीटर म्हणजे २ मीटर धरलं तर १० गुंठे ए-फोर कागदावर आरामात बसतात. त्यावर हद्दीचे दगड, रस्ता, विजेच्या तारा, असलेली झाडं आणि शेजाऱ्याचा बांध टाका. झाड म्हणजे नुसता खोडाचा ठिपका नको, घेरपण काढा.

आता उतार. डोळ्यावर अजिबात विश्वास ठेवू नका, डोळे फसवतात. गवंड्याकडं असतो तो पारदर्शक लेव्हल पाइप घ्या, पाणी भरा, आत बुडबुडा राहू देऊ नका. एक टोक एका जागी काठीला धरून ठेवायचं, दुसरं टोक दर ५ मीटरवर फिरवायचं आणि पाण्याची पातळी जमिनीपासून किती उंच आहे ते टेपनं मोजून लिहायचं. आकडा जितका मोठा तितकी ती जागा खाली. सारखे आकडे रेषेनं जोडले की झाल्या तुमच्या कंटूर लाइन, आणि पाणी या रेषांना काटकोनात आडवं कापत उतरतं.

पाण्याचा हिशोब मात्र नीट बसून करा, सगळं इथंच ठरतं. १ गुंठा म्हणजे १०१ चौरस मीटर, म्हणजे १०० मिलिमीटर पाऊस पडला की एका गुंठ्यावर १० हजार लिटर, १० गुंठ्यांवर लाखभर! आणि हे फक्त तुमच्या जागेत पडलेलं, वरून वाहत येणारं वेगळंच. म्हणून एकदा तरी धो धो पावसात छत्री घेऊन जा, पाणी कुठून शिरतं, कुठं तुंबतं, कुठून बाहेर पडतं त्याचे बाण काढा. गावातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारलंत तर अर्धं काम चहा पिता पिता होतं.

माती बघायला फूटभर खोल खड्डा घ्या, पाणी भरून रात्रभर मुरू द्या, सकाळी परत भरा आणि पट्टी लावून बघा. तासाला इंच-दोन इंच उतरलं तर निचरा चांगला. अर्धा इंचही उतरत नसेल तर तिथं आंबा नको, लावायचाच तर उंचवटा करून लावा.

ऊन-वारा पटकन सांगतो. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला कललेला असतो, २० फुटी झाडाची सावली ऐन दुपारीही १८ फूट उत्तरेकडं पडते, म्हणजे भाजीचे वाफे झाडाच्या उत्तरेला नकोत. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत मात्र दुपारचा सूर्य जरासा उत्तरेला जातो. पावसाची झड पश्चिमेकडून येते, तिकडं तोंड करून ओटा बांधलात तर चार महिने तो कुत्र्याचा.

आता प्लॅनिंग. पाणी, माती, ऊन, प्रत्येकाच्या अडचणीच्या जागा वेगवेगळ्या बटर पेपरवर रंगवा आणि एकावर एक ठेवा. ही थर ठेवायची पद्धत इयान मॅकहार्ग या लँडस्केप आर्किटेक्टनं १९६० च्या दशकात गाजवली, तीही सॉफ्टवेअरवर नाही, पारदर्शक नकाशांवर. सगळ्या थरांत जी जागा मोकळी राहते तिथं घर, जिथं पाणी साठतं तिथं शेततळं किंवा नुसतं गवत. वर अजून एक पेपर ठेवून गोल गोल फुगे काढा, पार्किंग, बसायची जागा, परसबाग, कंपोस्ट, आणि कुणाजवळ कोण हवं ते बाणांनी जोडा. सेप्टिक टँक विहिरीपासून लांब, उताराच्या खालच्या अंगाला. फुगे ४-५ वेळा तरी मोडतात, मोडू द्या, कागद स्वस्त आहे.

शेवटी फक्कीनं तोच आराखडा जमिनीवर आखा, बसायच्या जागेत खुर्ची टाकून संध्याकाळी ५ वाजता बसा. ऊन डोळ्यात येत असेल तर फक्की पुसायची आणि खुर्ची सरकवायची.