नव्या मरीन माशाचा आजार कसा ओळखायचा आणि कसा आवरायचा

नवीन मासा आणल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी त्याच्या अंगावर मिठाचे दाणे चिकटल्यासारखे पांढरे ठिपके दिसतात. आपला जीव खालीवर होतो. पुढच्या दोन-तीन दिवसांत ठिपके आपोआप नाहीसे होतात, मासा खायला लागतो आणि घरात सगळ्यांना वाटतं, चला, सुटलो. माझ्या पहिल्या मरीन, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये असंच झालं होतं. ब्लू टँग आणला, थेट मोठ्या टँकमध्ये सोडला. ठिपके आले, गेले. दोन आठवड्यांनी तेच ठिपके पुन्हा आले, पण आता ते पाचही माशांवर होते. महिना संपायच्या आत टँकमध्ये फक्त कोळंबी आणि गोगलगायी उरल्या.

तेव्हा मला कुणी एवढंच सांगायला हवं होतं की ठिपका गेला म्हणजे रोग गेला असं नसतं. हा रोग, म्हणजे मरीन इच, क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स नावाच्या एकपेशीय परजीवीमुळे होतो. तो तीन ते सात दिवस माशाच्या कातडीखाली खाऊन फुगतो, मग गळून तळाशी पडतो, स्वतःभोवती कवच करतो आणि आत दुभंगत राहतो. कवच फुटलं की एकातून शेकड्यानं पिल्लं बाहेर पडतात आणि मासा शोधतात. म्हणजे मासा स्वच्छ दिसतो तेव्हाच टँकमध्ये रोगाची पेरणी झालेली असते.

गोड्या पाण्यातले मासे पाळून मरीनकडे वळलेल्यांनी इथे विशेष सावध राहावं. गोड्या पाण्यातला इच हा वेगळा जीव आहे. हीटर वाढवून तो हटतो, तसा खाऱ्या पाण्यातला हटत नाही.

आधी वेगळा टँक, मग मासा

क्वारंटाइन टँक मासा आणायच्या आधी तयार हवा. 60 ते 100 लिटरचा साधा काचेचा टँक पुरतो. तळ उघडा ठेवा, वाळू नको, दगडही नको, कारण दोन्ही औषध शोषून घेतात. लपायला पीव्हीसी पाइपचे एल्बो टाका, ते कोणत्याही प्लंबिंगच्या दुकानात मिळतात. हीटर, थर्मामीटर, एअर पंप आणि वर जाळीचं झाकण, कारण घाबरलेला मासा उडी मारतो. जिथे वीज वरचेवर जाते तिथे बॅटरीवर चालणारा एअर पंप जवळ असूच द्या.

स्पंज फिल्टरचा स्पंज तीन-चार आठवडे आधी मोठ्या टँकच्या संपमध्ये, म्हणजे त्याच्या फिल्टरच्या टाकीत, टाकून ठेवा. त्यावर जिवाणू बसले की अमोनिया आवरतो. हे केलं नाही तर रोगाआधी अमोनियाच मासा मारतो.

हा टँक मोठ्या टँकपासून निदान दहा फूट लांब, शक्यतो दुसऱ्या खोलीत ठेवा. वेल्व्हेट नावाच्या दुसऱ्या परजीवी रोगाचे बारीक बीजकण बुडबुड्यांच्या तुषारांवर बसून हवेतून तीन मीटरपर्यंत जाऊ शकतात. जाळी, बादली, पाइप, सगळं वेगळं. एका टँकमध्ये घातलेला ओला हात दुसऱ्यात घालू नका.

दुकानात

कुर्ल्याच्या बाजारात असो की घराजवळच्या दुकानात, मासा आवडला की लगेच पिशवीत घेऊ नका. त्याला तुमच्यासमोर खायला घालायला सांगा. जो दुकानात खात नाही, तो घरी खाईल ही आशा बहुतेक वेळा फोल ठरते. त्याच टँकमधले इतर मासेही बघा. एक मेलेला आणि दोन धापा टाकणारे असतील तर तुमचा निवडलेला कितीही तेजदार दिसो, तो त्याच पाण्यात आहे. दुकानदाराला पाण्याची घनता विचारा. बऱ्याच दुकानांत ती 1.018 ते 1.020 ठेवलेली असते आणि आपल्या टँकमध्ये 1.025. कमी क्षारतेतून एकदम जास्त क्षारतेत गेलेला मासा खचतो. म्हणून क्वारंटाइनचं पाणी आधी दुकानाच्या घनतेला आणून ठेवा, नंतर चार-पाच दिवसांत हळूहळू वाढवा.

क्लाउनफिश घेणार असाल तर हॅचरीत वाढवलेलाच मागा. रामेश्वरमजवळच्या मंडपम इथल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या केंद्रात क्लाउनफिशची पैदास केव्हाच जमलेली आहे. असा मासा समुद्रातून पकडलेल्यापेक्षा काटक असतो. आणि समुद्रघोडा कुणी देऊ केला तर घेऊ नका. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तो 2001 पासून संरक्षित आहे.

घरी आल्यावर पहिला तास

पिशवी पंधरा-वीस मिनिटं पाण्यावर तरंगू द्या, म्हणजे तापमान सारखं होईल. मग उघडा, घनता जुळते का ते बघा आणि मासा जाळीत घेऊन लगेच सोडा. पिशवीतलं पाणी टँकमध्ये ओतू नका.

पिशवी उघडून तासभर थेंब-थेंब पाणी सोडत बसायची पद्धत लांबून आलेल्या माशाला घातक आहे. बंद पिशवीत माशाच्या श्वासामुळे पीएच उतरलेला असतो आणि त्यामुळे साठलेला अमोनिया फारसा विषारी नसतो. पिशवी उघडली की पीएच चढतो आणि तोच अमोनिया कल्ले जाळायला लागतो.

मासा बघायचा कसा

इथे घाई नको. खुर्ची टँकपासून चार फुटांवर ठेवा आणि दहा मिनिटं हलू नका. माशाला तुमचा विसर पडला की तो खरा कसा आहे ते दाखवतो.

सर्वात आधी श्वास मोजा. कल्ल्याचं झाकण एका मिनिटात किती वेळा उघडतं ते घड्याळ लावून मोजा आणि वहीत लिहा. रोज सकाळी, खायला घालायच्या आधी. जातीप्रमाणे आकडा वेगळा असतो, म्हणून त्याच माशाच्या कालच्या आकड्याशी तुलना करा. शांत बसलेल्या माशाचा आकडा शंभराच्या वर गेला किंवा दोन दिवसांत चढतच गेला, तर अंगावर एकही ठिपका नसला तरी तो आजारी आहे. कल्ल्यांतला रोग डोळ्यांना दिसत नाही, तो श्वासातच कळतो.

मग रात्री दिवे बंद झाल्यावर टॉर्च घ्या. समोरून मारू नका, बाजूनं, कातडीला घासून जाईल असा तिरका उजेड टाका. दिवसा स्वच्छ दिसणारा टँग या उजेडात पिठूळ दिसला, जणू अंगावर हळदीची चिमूट उडाली आहे, तर झोपायला जाऊ नका. तो वेल्व्हेट असू शकतो.

कोणता रोग आहे?

इचचे ठिपके मिठाच्या दाण्याएवढे, सुटे आणि मोजता येण्यासारखे असतात. ते येतात-जातात. मासा अंग घासतो, पण बरेचदा खात राहतो. हातात काही दिवस असतात.

वेल्व्हेट म्हणजे अमायलूडिनियम. त्याचे कण इतके बारीक की मोजता येत नाहीत, सोनेरी-राखाडी धूळ वाटते. पण धूळ दिसायच्या आधीच मासा खाणं सोडतो, उजेड टाळतो, पॉवरहेडच्या (पाणी ढवळणाऱ्या पंपाच्या) प्रवाहात तोंड घालून उभा राहतो आणि धापा टाकतो. इथे हातात तासच असतात. इच की वेल्व्हेट ठरत नसेल तर वेल्व्हेट धरून चाला.

ब्रूकलिनेला हा आणखी एका परजीवीचा रोग समुद्रातून पकडलेल्या क्लाउनफिशना फार होतो. अंगावरून दुधट, बुळबुळीत साल सुटल्यासारखी दिसते. यावर कॉपर, म्हणजे तांब्याचं औषध, चालत नाही, फॉर्मलीनची आंघोळ लागते. फॉर्मलीन विषारी आहे. हातमोजे घाला, खिडक्या उघडा, बाटलीवरचंच प्रमाण पाळा, लहान मुलांना लांब ठेवा.

हिरव्या क्रोमिस माशाच्या अंगावर लालसर, खरचटल्यासारखी जखम दिसली तर ती युरोनेमा या परजीवीची शक्यता. ही फार वेगानं पसरते, अशा क्रोमिसला इतरांपासून ताबडतोब वेगळं करा.

डोळा गढूळ, अंग घासणं, डोकं झटकणं, ठिपका मात्र नाही? मग फ्लूक, म्हणजे चपटे कृमी. त्यांची खात्री घरीच करता येते. काळ्या टबात आरओचं गोडं पाणी घ्या, तापमान क्वारंटाइनएवढं करा, चिमूट-चिमूट खाण्याचा सोडा घालून पीएच जुळवा, एअर स्टोन सोडा. मासा पाच मिनिटं त्यात ठेवा आणि शेजारून हलू नका. पहिल्या मिनिटात तो आडवा पडू शकतो. कल्ले हलत असतील तर थांबा, श्वास थांबत चालला तर लगेच खाऱ्या पाण्यात परत. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा तिसऱ्या मिनिटाला काळ्या तळावर पांढऱ्या तिळासारखं काहीतरी पडलं, मग आणखी एक, मग पाच-सहा. अंगावर पारदर्शक असल्यामुळे जे आठवडाभर दिसलं नव्हतं, ते गोड्या पाण्यात पांढरं पडून गळत होतं. पुढे प्राझिक्वांटेल हे कृमींचं औषध द्या आणि पाच ते सात दिवसांनी पुन्हा एकदा द्या, कारण औषध अंड्यांना मारत नाही. औषध टाकल्यावर हवा वाढवा.

आणि परांच्या कडेला फुलकोबीसारखी पांढरी गाठ दिसली तर औषधाची बाटली खाली ठेवा. तो लिम्फोसिस्टिस, विषाणूचा आहे. चांगलं खाणं आणि शांत टँक मिळाला की बहुधा आपोआप जातो.

उपचार: कॉपर किंवा टँक बदल

इच आणि वेल्व्हेट दोन्हीवर कॉपर चालतं. बाजारात दोन प्रकार मिळतात आणि त्यांचे आकडे एकमेकांत मिसळू नका. साध्या आयनिक कॉपरची पातळी लिटरमागे 0.15 ते 0.20 मिलिग्रॅम, बांधीव म्हणजे चिलेटेड कॉपरची 2.0 ते 2.5. एकाचा डोस दुसऱ्याला लावला तर मासा जातो, नाहीतर परजीवी तरी जिवंत राहतो. औषध कोणतं त्याप्रमाणे टेस्ट किट घ्या आणि रोज मोजा.

काही जण शेतीच्या दुकानातून मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, आणायला सांगतात. बोर्डो मिश्रणासाठी ठीक आहे, इथे नको. आयनिक पातळीसाठी 50 लिटर पाण्याला जेमतेम 40 मिलिग्रॅम मोरचूद लागेल. ते घरच्या काट्यावर मोजता येत नाही आणि शेतीच्या मालाच्या शुद्धतेची खात्री नाही.

इच असेल तर चार-पाच दिवसांत हळूहळू पातळी गाठा. वेल्व्हेटमध्ये एका दिवसात गाठावी लागते. मग तीस दिवस ती खाली येऊ द्यायची नाही. एकदा घसरली तर दिवस पहिल्यापासून मोजा. पाणी बदलताना नव्या पाण्यात आधी तेवढंच कॉपर घाला. फिल्टरमधला कार्बन काढून ठेवा. अमोनिया बांधणारी रसायनं कॉपरबरोबर टाकू नका, ती कॉपरचं रूप बदलून माशालाच विष करतात. अमोनिया वाढला तर पाणी बदला, दुसरा मार्ग नाही.

कॉपर न सोसणाऱ्या माशाला, उदाहरणार्थ मँडरिनला, निव्वळ इच असेल तर टँक बदल करा. दोन टब घ्या. मासा दर 72 तासांच्या आत दुसऱ्या कोरड्या, धुतलेल्या टबात ताज्या पाण्यात हलवा, असं चार वेळा. गळून पडलेली कवचं फुटायच्या आत मासा तिथून निघालेला असतो. जुना टब, पाइप, एअर स्टोन धुऊन उन्हात खडखडीत वाळवा. वेल्व्हेटवर हा उपाय भरवशाचा नाही.

मोठ्या टँकमध्ये रोग शिरलाच असेल तर

सगळे मासे बाहेर काढावे लागतात. फक्त आजारी दिसणारा काढून भागत नाही. कोळंबी, गोगलगायी तिथेच राहू द्या, कॉपर त्यांना मारतं, म्हणून कॉपर त्या टँकमध्ये कधीच टाकू नका. मग टँक बिनमाशाचा ठेवा, इचसाठी 76 दिवस. हा आकडा जाचक वाटतो, पण प्रयोगात काही कवचांतून 72 दिवसांपर्यंत पिल्लं निघालेली आहेत आणि वर चार दिवस सुरक्षिततेचे. वेल्व्हेटला सहा आठवडे धरतात. या काळात त्या टँकमधल्या गोगलगायींनाही चिमूटभर खाणं टाकत राहा, नाहीतर जिवाणू उपाशी राहतात.

क्वारंटाइन संपल्यावर औषधाशिवाय दोन आठवडे मासा नुसता बघा. श्वासाचा आकडा स्थिर, खाणं दमदार, टॉर्चमध्ये अंग स्वच्छ, तर तो मोठ्या टँकमध्ये सोडा, दिवे मंद करून, संध्याकाळी.

कॉपर लागलेला स्पंज संपमध्ये परत टाकू नका. पुढच्या माशासाठी आजच एक नवा स्पंज तिथे टाकून ठेवा.