जुन्या सायकलच्या चिमट्यात लॉक बसवताय? या चुका टाळा

आजोबांची सायकल माळ्यावरून खाली काढून पुन्हा चालवायची, ही हौस सोलापुरातल्या पोरांमध्ये वाढतेय आणि मला त्याचा आनंद आहे. पण चिमट्यातलं लॉक बसवताना तीच तीच चूक बघून आता जीव तुटतो.

हे लॉक पुढच्या चिमट्याच्या, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कच्या, माथ्यात असतं. किल्ली फिरवली की त्याची जीभ वर सरकून हेडच्या (हँडल ज्यात फिरतं त्या फ्रेमच्या नळीच्या) खालच्या कपाच्या, म्हणजे छर्रे बसतात त्या वाटीच्या, खाचेत बसते आणि वळवलेलं हँडल तसंच अडकतं. नॉटिंगहॅमच्या रॅले या सायकल कंपनीने सुपर्ब मॉडेलला असं लॉक दिलं होतं. म्हणजे चिमटा, खाचेचा कप आणि किल्ली, तिन्ही हवं. लोक चिमटा तेवढा आणतात, कप साधाच ठेवतात आणि मग कानस हातात घेतात.

माझ्या भाच्याने हेच केलं. कपाचं पोलाद कडक, त्यावर कानस नुसती घसरते. याने ग्राइंडर लावला. कप तापून निळा पडला, खाचेच्या कडेचे टवके उडाले. तरी संध्याकाळी सायकल रस्त्यावर! सात रस्त्याला वळताना हँडल मध्येच अडकलं, तो सायकलसकट आडवा झाला आणि मनगट मोडलं. सहा आठवडे प्लॅस्टर. मी हेड खोललं, तर छर्र्यांमध्ये पोलादाचे कण होते आणि लॉक उघडं असूनही जीभ तांदळाच्या दाण्याएवढी वर राहिलेली. धीर धरून आधी हँडल फिरवून बघितलं असतं तर हे टळलं असतं.

म्हणून मी छर्रे, ग्रीस घालून हेड आवळलं की चाक लावण्याआधीच लॉक उघडं ठेवून हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस वेळा फिरवतो. एकदा जरी 'टक' आवाज आला तरी सगळं पुन्हा खोलतो. योग्य कपासाठी मी स्वतः चार महिने थांबलोय. कपाला घरी खाच पाडायचा शॉर्टकट कुणी सांगितला तर ऐकू नका.

चिमट्याची नळी तुमच्या फ्रेमच्या हेडला पुरते का, ते आधी मोजा.

जुन्या रॅलेच्या चिमट्याला इंचात २६ आटे असतात, बाजारातल्या हेड आवळायच्या बहुतेक नटांना २४. नट हाताने सरळ चढत नसेल तर पाना लावू नका, आटे जातील.

किल्ली एकच असेल तर लॉक बसवण्याआधी दुसरी करून घ्या.

आणि लॉकमध्ये तेल ओतू नका. आपल्याकडच्या धुळीत तेलाचा चिखल होतो, मग जीभ अर्ध्यातच राहते. मी मऊ पेन्सिलीचं शिसं किल्लीवर घासतो आणि किल्ली आठ-दहा वेळा आतबाहेर करतो. दर उन्हाळ्यात एकदा, पावसाळ्यानंतर एकदा.