नर्सिंग होमचे तारे कसे वाचावेत

अमेरिकेत आईवडिलांसाठी नर्सिंग होम (तिथे राहून शुश्रूषा मिळते असं केंद्र, आपल्याकडचं छोटं हॉस्पिटल नव्हे) शोधताना मेडिकेअरच्या, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्य विम्याच्या, ‘केअर कंपेअर’ या वेबसाइटवर ५ तारे दिसले की बरेचजण तिथेच थांबतात. एकूण ताऱ्यांवर जाऊ नका.

१. आधी ‘हेल्थ इन्स्पेक्शन’चे तारे पाहा, ते तपासनिसांच्या प्रत्यक्ष भेटींवरून ठरतात. ‘क्वालिटी मेझर्स’मधली (रहिवाशांची प्रकृती आणि काळजी यांची मोजमापं) बरीचशी माहिती मात्र नर्सिंग होमनेच भरलेली असते.

२. ‘स्टाफिंग’ उघडून शनिवार-रविवारी प्रत्येक रहिवाशामागे नर्सिंगचे किती तास मिळतात ते बघा. वर्षभरात किती कर्मचारी सोडून गेले, तेही तिथेच दिसतं. माझ्या मते हा आकडा ताऱ्यांपेक्षा जास्त बोलतो.

३. मग न कळवता रविवारी जेवणाच्या वेळी जाऊन या.

असिस्टेड लिव्हिंगची ठिकाणं (जिथे राहून रोजच्या कामांत मदत मिळते) या यादीत नसतात. ती राज्याच्या परवाना खात्याकडे तपासावी लागतात.