ख्रिस्ताच्या बलिदानाचा अर्थ अभ्यासवर्गात कसा उलगडावा

उत्तम शुक्रवारच्या (गुड फ्रायडेच्या) आधी दीड तासाची एक बैठक पुरते. बायबलमधले उतारे चारच घ्या: निर्गम 12, लेवीय 16, मार्क 10:45 आणि इब्री 9–10. यशया 53 चा, म्हणजे दुःख सोसणाऱ्या सेवकाच्या अध्यायाचा, मोह होईल. त्याला वेगळी बैठक द्या.

पहिली दहा मिनिटं शब्दांसाठी. ‘बलिदान’ म्हटलं की आपल्याला सीमेवरचा जवान आठवतो, नाहीतर जत्रेतला बोकड. ‘प्रायश्चित्त’ तर चुकलेल्यानेच घ्यायचं. लेवीय 17:11 मात्र सांगतं की प्रायश्चित्ताचं रक्त देवानेच दिलं आहे. हे फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहा, पुढचे बरेच प्रश्न उठणारच नाहीत.

निर्गम 12 मधला वल्हांडणाचा, म्हणजे मिसरमधून सुटकेच्या यहुदी सणाचा, कोकरा पटकन आटपा: एक वर्षाचा निर्दोष नर, दहाव्या दिवशी निवडलेला, चौदाव्याला कापलेला, रक्त एजोब नावाच्या झुडपाच्या जुडीने दाराच्या बाह्यांना आणि कपाळपट्टीला. या अध्यायात पापाचा उल्लेखच नाही. विषय गुलामगिरीतून सुटकेचा आहे. इथे पापक्षमा घुसडली की सुटकेचं आणि क्षमेचं, दोन्ही चित्रं पुसट होतात.

लेवीय 16 ला, म्हणजे वर्षातून एकदा येणाऱ्या प्रायश्चित्ताच्या दिवसाच्या विधीला, अर्धा तास द्या, खरा गोंधळ इथेच होतो. महायाजक आधी स्वतःच्या पापासाठी गोऱ्हा अर्पण करतो. मग दोन बोकडांवर चिठ्ठ्या टाकतो. एक कापला जातो, त्याचं रक्त पडद्याआड दयासनावर, म्हणजे कराराच्या कोशाच्या झाकणावर, शिंपडलं जातं. लोकांची पापं कबूल करून दोन्ही हात ठेवले जातात ते दुसऱ्या बोकडावर, आणि तो जिवंतच रानात सोडला जातो. बहुतेक जण पापं कापलेल्या बोकडावर घालून मोकळे होतात. गटाला सोळावं आणि एकविसावं वचन मोठ्याने वाचायला लावा: रक्त पवित्रस्थान शुद्ध करतं, पाप वाहून नेतो दुसरा.

मार्कमधली ‘खंडणी’ ऐकून कुणीतरी हसणारच. आज खंडणी गुंड मागतात. मूळ शब्दाचा अर्थ गुलाम सोडवण्याची किंमत. ती कुणाला दिली, हे वचन सांगत नाही. सैतानाला दिली ही कल्पना चौथ्या शतकातच नाझियान्झसच्या ग्रेगरी या धर्मशास्त्रज्ञाने झिडकारली होती. तुम्हीही रूपक तेवढ्यावरच थांबवा.

इब्री 10 मध्ये क्रियापदं शोधायला सांगा. याजक रोज उभा राहून तेच यज्ञ करतो. ख्रिस्त एकदाच अर्पण करून बसला. काम संपलेला माणूसच बसतो.

‘रागावलेल्या बापाने निरपराध मुलाला मारलं’ असा सूर निघाला, तर वाद घालू नका. योहान 10:18 आणि 2 करिंथ 5:19 लागोपाठ वाचा: पुत्र जीव आपण होऊन देतो, आणि समेट करणारा देव ख्रिस्तातच आहे. मुलं बसली असतील तर रक्ताचे तपशील कमी करा, रानात गेलेला बोकड ठेवा. तो त्यांना लगेच कळतो.