ग्रंथालयाच्या डेटाबेसची आकृती काढण्यापूर्वीची तयारी

गावातील सार्वजनिक ग्रंथालयाचा व्यवहार वह्यांवरून संगणकावर आणायचा असेल, तर ईआर डायग्राम, म्हणजे कोणत्या गोष्टींची नोंद ठेवायची आणि त्यांचे एकमेकींशी संबंध काय हे दाखवणारी आकृती, काढायला बसण्यापूर्वी दाखल नोंदवही, सभासद नोंदवही, देवघेवीची वही, वर्गणीची पावतीपुस्तके आणि दिवाळी अंक योजनेची वेगळी वही असेल तर तीही मागून घ्यावी. कोऱ्या नमुन्यांवर समाधान मानू नये; भरलेली पाने पाहावीत, कारण समासात लाल शाईने लिहिलेले ‘हरवले, रक्कम भरली’ किंवा ‘मुलीच्या नावे दिले’ असे शेरे म्हणजे आकृतीत दाखवायचे राहून जाणारे संबंधच असतात.

वह्यांमधून एंटिटींची, म्हणजे ज्यांची नोंद ठेवायची त्या गोष्टींची, नावे वेगळी काढताना ‘पुस्तक’ या शब्दापाशी थांबावे आणि हवा तेवढा वेळ द्यावा. ‘ते पुस्तक कालच बाहेर गेले’ असे ग्रंथपाल म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात एक विशिष्ट प्रत असते. ‘त्या पुस्तकाला फार मागणी आहे’ असे म्हणतात तेव्हा त्या नावाच्या सगळ्या प्रती मिळून असतात. दाखल क्रमांक प्रतीला मिळतो, लेखक ग्रंथाला असतो, आणि प्रकाशनवर्ष या दोहोंच्या मधल्या आवृत्तीला लागू होते. ग्रंथालयांच्या ‘इफ्ला’ या आंतरराष्ट्रीय महासंघाने 1998 साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात याच प्रश्नासाठी कृतीपासून प्रतीपर्यंत चार पायऱ्या मानल्या आहेत, आणि त्या मांडण्यासाठी ईआर पद्धतच वापरली आहे. माझ्या मते लहान ग्रंथालयाला ग्रंथ आणि प्रत या दोन पायऱ्या पुरतात, आवृत्तीचा तपशील प्रतीच्या नोंदीत ठेवता येतो. मात्र हा निर्णय विचारपूर्वक घेतला असल्याचे आकृतीच्या कोपऱ्यात लिहून ठेवावे.

प्रत्येक एंटिटी कशावरून ओळखायची, हे पुढे ठरवावे. आयएसबीएन तयार मिळतो म्हणून त्यालाच प्रायमरी की, म्हणजे प्रत्येक नोंद वेगळी ओळखण्याची मुख्य खूण, करण्याचा मोह होतो, पण त्या क्रमांकाचे आंतरराष्ट्रीय मानक 1970 सालचे आहे, त्यामुळे त्याआधीच्या पुस्तकांवर तो सापडणार नाही, आणि 2007 पासून तो दहाऐवजी तेरा अंकी झाला आहे. शिवाय एकाच आवृत्तीच्या पाच प्रतींवर तो एकच असतो. प्रतीसाठी दाखल क्रमांक चांगला, परंतु बाद केलेल्या पुस्तकाचा क्रमांक नव्या पुस्तकाला दिला गेला आहे का, हे जुन्या वहीतून पडताळून घ्यावे.

चिन्हांची पद्धत एकच निवडावी. पीटर चेन यांनी 1976 साली मांडलेल्या पद्धतीत संबंधासाठी पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराचा हिरा काढतात. कावळ्याच्या पायाच्या पद्धतीत दोन एंटिटी जोडणाऱ्या रेघेच्या टोकाशी शून्यासाठी वर्तुळ, एकासाठी आडवी दांडी आणि अनेकांसाठी तीन बोटांचा पाय असतो. किमान आणि कमाल संख्या एकाच टोकाला दिसत असल्याने मला दुसरी सोयीची वाटते. काही पद्धतींत ही संख्या रेघेच्या अलीकडच्या टोकाला, तर काहींत पलीकडच्या टोकाला लिहितात, म्हणून दोन पद्धतींची सरमिसळ झाली की अर्थ उलटा होतो.

त्यानंतर प्रत्येक रेघेसाठी चार उत्तरे जमवावीत: या बाजूने किमान किती व कमाल किती, आणि त्या बाजूने किमान किती व कमाल किती. कमाल सहज सांगितली जाते, किमान मात्र विचारल्याशिवाय कळत नाही. एकही पुस्तक न नेलेला सभासद असू शकतो का? लेखकाचे नाव नसलेला ग्रंथ दाखल करता येतो का? नव्या सभासदाला जुन्या सभासदाची शिफारस लागत असेल, तर सभासदाचा सभासदाशीच संबंध येतो, आणि पहिल्या सभासदांची शिफारस कोणीच केलेली नसल्यामुळे आणि प्रत्येक सभासद कोणाची शिफारस करतोच असे नसल्यामुळे तो दोन्ही टोकांना ऐच्छिक ठेवावा लागतो.

सभासद आणि प्रत यांच्यातील संबंध काळाच्या संदर्भात तपासावा. आजच्या दिवशी एक प्रत फार तर एकाच सभासदाकडे असते, पण वर्षभरात ती अनेकांकडे जाऊन येते. म्हणून देवघेव ही स्वतंत्र एंटिटी धरून तिला नेल्याची, परतीची अपेक्षित आणि प्रत्यक्ष परतीची अशा तीन तारखा द्याव्यात. सभासद क्रमांक आणि दाखल क्रमांक यांची जोडी तिची की म्हणून चालणार नाही, कारण आवडलेले पुस्तक तोच वाचक पुन्हा नेतो. देवघेव मध्ये आल्यावर सभासद आणि प्रत यांना थेट जोडणारी रेघ उरली असेल तर ती पुसावी. प्रत बाद झाली तरी तिच्या जुन्या देवघेवी पुसल्या जाऊ नयेत, हेही येथेच नोंदवावे.

ग्रंथ आणि व्यक्ती यांच्यात अनेकांचे अनेकांशी नाते असते. एका ग्रंथाचा अनुवादक दुसऱ्याचा लेखक आणि तिसऱ्याचा संपादक असू शकतो, म्हणून भूमिका व्यक्तीच्या नोंदीत न ठेवता ग्रंथ आणि व्यक्ती यांना जोडणाऱ्या जोड टेबलात ठेवावी. दिवाळी अंक नुसत्या नावाने ओळखता येत नाही, नियतकालिक आणि वर्ष मिळून तो ओळखला जातो. नियतकालिकावर अवलंबून असलेली दुर्बल एंटिटी म्हणून तो दाखवावा.

कच्ची आकृती झाल्यावर प्रत्येक रेघ दोन्ही दिशांनी पूर्ण मराठी वाक्यात ग्रंथपालांना वाचून दाखवावी: ‘एका प्रतीच्या शून्य किंवा अधिक देवघेवी असतात; प्रत्येक देवघेव नेमक्या एका प्रतीची असते.’ शेवटी देवघेवीच्या वहीतील दिवाळीच्या महिन्याचे एक गर्दीचे पान घेऊन त्यातील प्रत्येक नोंद, समासातील शेऱ्यांसह, आकृतीत कोठे बसते ते पेन्सिलीने लिहीत जावे आणि एखादी नोंद बसेनाशी झाली, तर टेबले तयार करण्याचे काम तेथेच थांबवावे.