नवीन लॅपटॉप मधेच रीस्टार्ट होतोय? या चुका टाळा, आणि फॉरमॅट तर अजिबात मारू नका

दिवाळीचे सेल संपले की पुढे महिनाभर एकच मेसेज वेगवेगळ्या नंबरांवरून येत राहतो, "दादा नवीन लॅपटॉप घेतला, मधेच आपोआप रीस्टार्ट होतो, काय करू?" मी उत्तर टाईप करतोय तोवर खाली दुसरा मेसेज, "फॉरमॅट मारून पण बघितला, तरी तेच." इथे माझं डोकं फिरतं, कारण जे बघून काही सांगता आलं असतं ते सगळं यांनी आधीच पुसून टाकलेलं असतं.

आधी फॉरमॅट, मग प्रश्न

काहीही झालं की फॉरमॅट मारायचा, ही सवय आपल्याकडे कुणी लावली माहीत नाही. लॅपटॉप रीस्टार्ट होतो तेव्हा विंडोज गपचूप नोंद करून ठेवतं, किती वाजता झालं, एरर कोड काय होता, आणि सी ड्राइव्हवर विंडोजच्या फोल्डरात मिनीडंप नावाचा फोल्डर असतो त्यात क्रॅशची एक छोटी फाइल पडते. फॉरमॅट मारला की हे सगळं गेलं. घरात चोरी झाल्यावर पोलीस यायच्या आत फरशी धुऊन काढायची आणि मग विचारायचं चोर कोण, तसला प्रकार.

त्यात दुकानातला फॉरमॅट म्हणजे वेगळंच प्रकरण. नव्या लॅपटॉपवर विंडोज होम आलेलं असेल तर त्याची लायसन्स की बायोसमध्येच (मशीन चालू करणारा मदरबोर्डवरचा प्रोग्राम) असते, तेच होम परत टाकलं की आपोआप ॲक्टिव्हेट होतं. पण बऱ्याच दुकानांत पेन ड्राइव्हवर एकच माल असतो, क्रॅक केलेलं, म्हणजे चोरीचं, विंडोज प्रो, तेच सगळ्यांना. म्हणजे पैसे मोजून घेतलेलं लायसन्स पडून राहिलं आणि क्रॅकबरोबर आणखी काय काय आत आलं देव जाणे.

आमच्या बिल्डिंगमधल्या एका काकांनी लेकीला इंजिनिअरिंगला ॲडमिशन मिळाली म्हणून लॅपटॉप घेतला, ८ जीबी रॅमचा. बिल करतानाच दुकानदार म्हणाला आठवर कॅड (ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर) चालणार नाही, आणि रॅमची आणखी एक आठ जीबीची स्टिक टाकून दिली. आठवड्याभरात रीस्टार्ट सुरू. दुकानदाराने फॉरमॅट मारला, दोन दिवस बरा चालला, परत सुरू, परत फॉरमॅट. मग म्हणे अँटीव्हायरस नाहीये म्हणून होतंय, तो विकला. मग म्हणे तुमच्या घरचं अर्थिंग खराब आहे, काकांनी बिचाऱ्यांनी इलेक्ट्रिशियन बोलावला. पोरीची सबमिशन्स तोंडावर आणि असाइनमेंट सेव्ह करायच्या आत मशीन बंद.

लॅपटॉप माझ्याकडे आला तेव्हा मी आधी काहीच केलं नाही. पोरीला सांगितलं की आहे तसा वापर, काही इन्स्टॉल करू नको, काही काढू नको, रीस्टार्ट झाला की फक्त वेळ आणि तेव्हा काय चालू होतं ते वहीत लिही. काकांना हे अजिबात पटलं नाही, "तुम्ही काही करणारच नाही का?" पण थांबायची तयारी नसेल तर रँडम प्रॉब्लेम कधीच सापडत नाही. चार-पाच नोंदी जमल्यावर इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजच्या या नोंदी दाखवणारं टूल, उघडलं, विंडोज लॉग्ज, त्यात सिस्टीम. कर्नल पॉवर ४१ च्या नोंदी रांगेने बसलेल्या, एकेकीवर क्लिक करून डिटेल्स टॅबमध्ये बगचेक कोड, म्हणजे क्रॅशचा एरर कोड, बघितला, एकदा २६, एकदा १०, एकदा ८०.

पोरगी हुशार, तिने २६ नेटवर शोधून ठेवला होता. तिला मिळालेलं उत्तर असं की ही सीडीच्या फाइल सिस्टीमची एरर आहे, आणि लॅपटॉपला सीडी ड्राइव्हच नाही! भानगड अशी की इव्हेंट व्ह्यूअर इथे आकडा साध्या दशमान पद्धतीत दाखवतं आणि नेटवरच्या याद्या हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पद्धतीत, असतात. २६ चं हेक्स होतं १ए, म्हणजे मेमरी मॅनेजमेंट. विंडोजच्या कॅल्क्युलेटरमध्ये प्रोग्रामर मोड आहे, तिथे आकडा टाकला की हेक्स समोर येतो, एवढं केल्याशिवाय कोड शोधत बसू नका.

कोड दरवेळी वेगळा येतोय म्हटल्यावर माझा संशय रॅमवर गेला. एखादा ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारा छोटा प्रोग्राम) बिघडलेला असेल तर बहुतेक वेळा तोच तोच कोड आणि तीच फाइल दिसते, रॅम खराब असली की त्या खराब जागेत जो प्रोग्राम सापडेल तो मरतो. मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम पेन ड्राइव्हवर टाकून रात्रभर लावला. कंपनीची स्टिक एकटी ठेवली तर एकही एरर नाही, दुकानदाराची एकटी ठेवली तर पहिल्याच फेरीत स्क्रीनभर लाल ओळी. एवढे फॉरमॅट, एक अँटीव्हायरस, एक इलेक्ट्रिशियन, आणि दोष त्याच माणसाने स्वतःच्या हाताने बसवलेल्या स्टिकमध्ये. मोबाईलवर त्या लाल ओळींचा फोटो काढून काकांना दुकानात पाठवलं, स्टिक बदलून मिळाली, अँटीव्हायरसचे पैसे काही मिळाले नाहीत.

म्हणून नवीन लॅपटॉपमध्ये पहिल्याच दिवशी रॅम वाढवू नका असं माझं स्पष्ट मत आहे. आठवडा-दोन आठवडे कंपनीने दिला तसा चालवा, मग काय ते टाका. नाहीतर दोष मूळ मशीनचा की वरून टाकलेल्या पार्टचा, हा वाद तुमच्या गळ्यात.

कर्नल पॉवर ४१ दिसला की "पॉवरचा प्रॉब्लेम"

हे माझं दुसरं दुखणं. नावात पॉवर आहे म्हणून लोक चार्जर बदलतात, बॅटरीची किंमत काढतात, एकाने तर लॅपटॉपसाठी स्टॅबिलायझर आणला. अरे, ४१ चा अर्थ एवढाच की गेल्या वेळी विंडोज नीट शटडाऊन न होता बंद पडलं. का पडलं ते ही नोंद सांगतच नाही, ती तर मशीन परत चालू झाल्यावर लिहिलेली असते.

खरी माहिती त्या बगचेक कोडमध्ये असते. तिथे आकडा असेल तर विंडोज स्वतः क्रॅश झालंय, म्हणजे ड्रायव्हर, रॅम, एसएसडी या बाजूला बघायचं. उदाहरणार्थ १५९ म्हणजे हेक्समध्ये ९एफ, लॅपटॉप स्लीपमध्ये जाताना किंवा उठताना कुठलातरी ड्रायव्हर अडकला, झाकण उघडल्यावर रीस्टार्ट झालेला दिसतो तो बऱ्याचदा हा. तिथे शून्य असेल तर मात्र विंडोजला लिहायलाही वेळ मिळाला नाही, करंट गेला, हीटने बंद पडलं, पूर्ण हँग झालं किंवा घरातल्या कुणीतरी पॉवर बटन दाबून धरलं. शेवटचं हसण्यावारी नेऊ नका, घरात लहान पोरं असतील तर आधी ते विचारा.

आणि आसपास १०७४ नंबरची नोंद असेल तर तो क्रॅश नाहीच, कुणीतरी सांगून रीस्टार्ट करवलाय आणि कोणी ते त्या नोंदीत लिहिलेलं असतं. नव्या लॅपटॉपवर हा बहुतेक वेळा विंडोज अपडेट निघतो. कारखान्यातून निघून तुमच्या हातात येईपर्यंतचे सगळे अपडेट पहिल्या दोन-तीन दिवसांत एकदम उतरतात, त्यात ड्रायव्हर आणि बायोससुद्धा, मग रीस्टार्ट होणारच. ॲक्टिव्ह अवर्स लावा (त्या वेळेत अपडेट आपोआप रीस्टार्ट करत नाही), १८ तासांपर्यंत लावता येतात, आणि विंडोज अपडेटच्या ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समधलं "गेट मी अप टू डेट" चालू असेल तर बंद करा, ते ॲक्टिव्ह अवर्सलाही जुमानत नाही. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर आयटीवाल्यांना विचारा, उगाच स्वतः उचकापाचक नको.

"ब्लू स्क्रीन तर आलीच नाही, नुसती काळी झाली आणि बंद" असंही बरेच जण सांगतात. विंडोज ११ च्या २०२५ मधल्या अपडेटनंतर क्रॅशची ती निळी स्क्रीन काळीच झालीये, आणि क्षणभर दिसून जाते, म्हणून लोकांना वाटतं लाईट गेल्यासारखं बंद झालं. माझी सवय अशी की तक्रारीचा लॅपटॉप हातात आला की पहिल्यांदा सिस्टीम प्रॉपर्टीजमध्ये ॲडव्हान्स्ड, तिथे स्टार्टअप अँड रिकव्हरी, आणि "ऑटोमॅटिकली रीस्टार्ट" वरची टिक काढायची. मग पुढच्या वेळी स्क्रीन तिथेच थांबते, निवांत फोटो काढता येतो. इव्हेंट व्ह्यूअर बघून घाबरायला होत असेल तर स्टार्टमध्ये रिलायबिलिटी टाईप करा, तारखांचा तक्ता येतो, लाल फुल्या कुठल्या दिवसापासून सुरू झाल्या ते बघा आणि आदल्या दिवशी काय टाकलं होतं ते आठवा.

बाकीच्या, पटापट

फुकटातले ड्रायव्हर अपडेटर: काढून टाका. ड्रायव्हर लॅपटॉप कंपनीच्या साईटवरून, तुमच्याच मॉडेल नंबरचे, बस.

ड्रायव्हर व्हेरिफायर (ड्रायव्हरवर मुद्दाम ताण देऊन तपासणारं विंडोजचं टूल) व्हिडिओ बघून चालू करणं: नको. लॅपटॉप चालू होतानाच क्रॅश व्हायला लागला की सेफ मोडमधून तो बंद करता करता रडाल.

कूलिंग पॅड: हीटने लॅपटॉप आधी स्लो होतो आणि अगदीच असह्य झालं तर बंद पडतो. गादीवर ठेवून वापरत असाल तर टेबलवर ठेवा, फुकटात होतं.

डीडीआर५ रॅम टाकल्यावर पहिल्यांदा चालू करताना स्क्रीन थोडा वेळ काळी राहू शकते, मेमरी ट्रेनिंग चालू असतं. दहा सेकंदांत पॉवर बटन दाबून धरणाऱ्यांना काय बोलायचं.

मोबाईलचा टाईप सी चार्जर: लावलात तर चार्ज होईल किंवा होणार नाही, पण टेस्टिंग चालू असताना फक्त बॉक्समधलाच. एक दिवस निव्वळ बॅटरीवर चालवा, एक दिवस ओरिजिनल चार्जर थेट भिंतीतल्या थ्री पिनमध्ये लावून, हलणारा एक्स्टेंशन बोर्ड नको. आणि लाईट गेल्या क्षणी नवा लॅपटॉप बंद पडत असेल तर त्यात अर्थिंगचा काही संबंध नाही, त्याला स्वतःची बॅटरी आहे, ती काम करत नाहीये. सरळ सर्व्हिस सेंटर.

बायोस अपडेट करायला माझी हरकत नाही, नव्या मॉडेलचे असले प्रॉब्लेम बऱ्याचदा त्यानेच जातात, पण चार्जर लावून, बॅटरी अर्ध्याच्या वर असताना, आणि मधे हात न लावता. त्याआधी बिटलॉकरची (ड्राइव्ह लॉक करणारी विंडोजची सोय) ४८ आकडी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट अकाउंटमधून काढून कागदावर लिहून ठेवा, कारण बायोस बदलल्यावर लॅपटॉप ती मागू शकतो आणि तेव्हा पासवर्ड आठवत नाही हे ठरलेलं.

घरी डॉक्टरकी करत रिप्लेसमेंटचे दिवस घालवणे

नवीन आहे ना तो! मग तुम्ही का रिपेअर करताय? ऑनलाईन घेतला असेल तर रिप्लेसमेंटची मुदत बऱ्याचदा जेमतेम आठवडा-दहा दिवस असते, ऑर्डरच्या पानावर लिहिलेली असते, ती तारीख आधी बघा. लोक यूट्यूबवरचे उपाय एकेक करत बसतात आणि अकराव्या दिवशी मला विचारतात. पहिल्या दोन दिवसांत नोंदी जमवा आणि कंपनीची स्वतःची डायग्नॉस्टिक टेस्ट चालवा, डेलला चालू होताना एफ१२ मध्ये सापडते, एचपीला एस्केप दाबून मग एफ२. फेल कोड आला की फोटो काढा, त्या कोडसमोर कस्टमर केअरवाल्याला "एकदा रीसेट करून बघा सर" म्हणणं अवघड जातं.

एक मात्र नक्की करा. सर्व्हिस सेंटरला गेलात की रँडम प्रॉब्लेम त्यांच्यासमोर कधीच होत नाही आणि "नो फॉल्ट फाउंड" लिहून लॅपटॉप परत मिळतो. म्हणून जॉबशीटवर, म्हणजे त्यांच्या तक्रार नोंदीच्या कागदावर, तक्रार त्यांच्या शब्दांत लिहू देऊ नका, "स्लो चालतो" असलं काहीतरी लिहितात. तारीख, वेळ आणि बगचेक कोड तुम्ही सांगा, लिहून झालं की वाचा, मगच सही करा आणि कॉपी घ्या. पुढे रिप्लेसमेंटवरून फाटलंच आणि ग्राहक हेल्पलाईनला, म्हणजे १९१५ वर, तक्रार करायची वेळ आली तर तीच जॉबशीट पुढे करायची आहे.